हॉस्पिस किंवा घरपोच पॅलिएटिव्ह सेवा निवडताना: आधी काय विचारायचं, मग काय बघायचं

"आता घरी न्या" असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातली मंडळी शोधाशोध सुरू करतात आणि बहुतेक जण पहिल्यांदा जागा बघायला जातात. बाग छान असते, चादरी पांढऱ्याशुभ्र असतात, सिस्टर प्रेमाने बोलतात, आणि निर्णय तिथेच होऊन जातो. मग तिसऱ्या रात्री दुखणं असह्य झाल्यावर कळतं की ड्युटीवर डॉक्टर नाही, कपाटात तीव्र दुखण्यावरचं मॉर्फीन नाही आणि दिलेला नंबर कुणी उचलत नाही.

पॅलिएटिव्ह सेवा म्हणजे आजार बरा होणार नसला तरी रुग्णाचं दुखणं आणि इतर त्रास कमी ठेवणारी काळजी. हॉस्पिस म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना ठेवून घेऊन ही काळजी देणारी जागा. अशा सेवेचा दर्जा रात्री, रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत कळतो. म्हणून तपासणीचा क्रम उलटा हवा: आधी आपल्या रुग्णाची गरज, मग फोन, मग औषधांचे प्रश्न, आणि त्यानंतर प्रत्यक्ष भेट.

## टप्पा १: फोन करण्याआधी एक पान लिहा

घरातल्या चार जणांनी चार ठिकाणी फोन करून चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या की मिळालेल्या उत्तरांची तुलनाच करता येत नाही. एका कागदावर एवढं लिहून काढा:

- आजार, तो कुठवर पसरलाय, शेवटचं डिस्चार्ज कार्ड कधीचं.
- सध्याचा त्रास: दुखणं ० ते १० पैकी किती (रुग्णालाच विचारा, आपण ठरवू नका), दम, उलट्या, बद्धकोष्ठता, झोप, जखम, रात्री होणारी बडबड किंवा गोंधळ.
- नळ्या: राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी), कॅथेटर (लघवीची नळी), स्टोमा (मल-मूत्रासाठी पोटावर केलेलं छिद्र), ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी), ऑक्सिजन.
- चालू औषधं आणि त्यांचे डोस. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शेवटचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी).
- रात्री रुग्णाजवळ कोण असतं? त्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं का?
- इमारतीला लिफ्ट आहे का, स्ट्रेचर मावतो का, पिनकोड कोणता.
- रुग्णाला आजाराबद्दल काय माहीत आहे, आणि त्याला स्वतःला कुठे राहायचंय.

शेवटचा मुद्दा बहुतेक कागदांवर नसतोच. मुलं ठिकाण ठरवतात, सून सोय बघते आणि आजोबांना कुणी विचारत नाही. ते बोलू शकत असतील तर आजच विचारा.

आधी मिळवा: बायॉप्सीचा रिपोर्ट आणि मूळ आजारावरचे उपचार थांबवल्याचं डॉक्टरांचं पत्र. कॅन्सर रुग्णांसाठीच्या काही हॉस्पिसमध्ये हे दोन्ही मागतात. हॉस्पिटलमधून बाहेर पडल्यावर त्या पत्रासाठी पुन्हा ओपीडीच्या रांगेत बसावं लागतं, तेव्हा डिस्चार्जच्या वेळीच घ्या.

## टप्पा २: नक्की कोणती सेवा शोधताय ते ठरवा

घोळ सगळ्यात जास्त इथे होतो. चार वेगवेगळ्या गोष्टींना लोक एकाच नावाने ओळखतात.

ब्युरोची मावशी किंवा मामा. अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं. ही मोलाची मदत आहे, पण औषधाचा निर्णय त्यांनी घ्यायचा नसतो.

एजन्सीची नर्स. इंजेक्शन, ड्रेसिंग, नळ्यांची काळजी. डोस बदलायला डॉक्टर लागतोच, आणि तो बऱ्याचदा एजन्सीकडे नसतो.

घरी येणारी पॅलिएटिव्ह टीम. डॉक्टर, नर्स आणि समुपदेशक किंवा सोशल वर्कर ठरावीक अंतराने घरी येतात, मधल्या काळात फोनवर असतात. मुंबईत टाटा मेमोरियलचा पॅलिएटिव्ह विभाग आणि काही धर्मादाय संस्था अशी सेवा देतात. यांच्याकडून चोवीस तास माणूस बसवून मिळत नाही. त्यासाठी मावशी वेगळी लावावी लागते.

खाटा असलेलं हॉस्पिस. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कॅन्सर रुग्णांची निःशुल्क सेवा करत आलंय. गोव्यातही शांती अवेदनाचं केंद्र आहे. या शहरांपासून लांब राहत असाल तर जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी किंवा खाटा आहेत का, ते आधी विचारा. खाजगी जाहिरातींच्या गर्दीत या पर्यायाची चौकशी राहूनच जाते.

सावध: किडनी निकामी, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायूंची ताकद जाणारा मज्जातंतूंचा आजार), शेवटच्या टप्प्यातला सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा हृदयविकार असेल, तर पहिला प्रश्न "कॅन्सर नसलेला रुग्ण घेता का?" हा. नकार पहिल्या मिनिटात कळलेला बरा. आणि "पॅलिएटिव्ह केअर उपलब्ध" अशी पाटी लावून आयसीयू चालवणाऱ्या नर्सिंग होमपासून जपून. तिथे सोय खाटेची असते आणि सवय व्हेंटिलेटरची.

## टप्पा ३: दोन फोन, एक कामाच्या वेळी, एक अवेळी

पहिला फोन दुपारी. कागद समोर ठेवून विचारा: आमच्या पिनकोडला येता का? नाव नोंदवल्यापासून पहिली भेट किती दिवसांत? डॉक्टर स्वतः येतात का, किती दिवसांनी? रात्रीचा नंबर कोणता, तो कोण उचलतं?

मग तो रात्रीचा नंबर लावून बघा. अडीच वाजता मुद्दाम कुणाला उठवू नका, दुसऱ्या एखाद्या घरी खरोखरच गरज असू शकते. रविवारी रात्री नऊच्या सुमारास लावलेला एक फोन पुरतो. उचलणाऱ्याला रुग्णाबद्दल बोलता येतं का, की "सर सकाळी येतील, तेव्हा करा" एवढंच येतं, हे लगेच कळतं.

ऐकायला हवं ते उत्तर साधारण असं: "रात्री ड्युटीवरची सिस्टर फोन घेते, तिच्याकडे फाइल असते, गरज लागली तर ती डॉक्टरांना जोडून देते." "चोवीस तास सेवा" हे शब्द कुणीही छापतं. नाव, पद आणि पद्धत विचारा.

तपासा: फोनवरच्या माणसाने तुम्हालाही काही विचारलं का? दुखणं किती, झोप होते का, घरी कोण आहे? अनुभवी टीम दराआधी या चौकशा करते.

## टप्पा ४: औषधांचे प्रश्न (यांची लाज बाळगू नका)

या टप्प्यावर वेळ घालवा. डॉक्टरांची परीक्षा कशी घ्यायची म्हणून लोक संकोचतात. पण खालचे प्रश्न नीट काम करणाऱ्या डॉक्टरांना आवडतात. ज्यांना राग येतो, त्यांच्याकडे उत्तरं नसतात.

मॉर्फीन तुमच्याकडे आहे का? तीव्र दुखण्यासाठी अजून याला तोड नाही. अंमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फीन ठेवणं आणि देणं सोपं झालंय, तरी सगळ्यांनी ती मान्यता घेतलेली नाही. "आम्ही लिहून देतो, बाहेरून आणा" हे उत्तर मिळालं तर थांबा, कारण गल्लीतल्या केमिस्टकडे मॉर्फीनच्या गोळ्या नसतात. कुठून आणायच्या, किती दिवसांच्या एकदम मिळतात आणि सुट्ट्यांच्या दिवसांत संपल्या तर काय करायचं, हे तारखेनिशी विचारा.

गोळ्या कशा घ्यायच्या? साधी मॉर्फीनची गोळी साधारण चार तास काम करते. म्हणून ती घड्याळाप्रमाणे ठरलेल्या वेळी द्यायची, आणि मध्येच कळ उठली तर द्यायचा जादा डोस वेगळा लिहून द्यायचा. सतत दुखणाऱ्या रुग्णाला "दुखेल तेव्हाच घ्या" एवढंच सांगितलं जात असेल, तर ती टीम दुखण्याच्या मागे धावणार आणि नेहमी मागेच राहणार.

मॉर्फीनसोबत आणखी काय देता? माझ्या मते सगळ्यात नेमकी चाचणी हीच. मॉर्फीनने बद्धकोष्ठता होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. सुरुवातीचे काही दिवस मळमळीसाठीही काही लिहून देतात. "त्रास झाला तर बघू" हे उत्तर चुकीचं आहे. चार दिवस पोट साफ न झालेला माणूस दुखण्यापेक्षा त्यानेच जास्त हैराण होतो, आणि मग घरचेच मॉर्फीन बंद करून टाकतात.

किडनी खराब असेल तर? डॉक्टरांनी क्रिएटिनिन विचारलं पाहिजे. अशा रुग्णात मॉर्फीनपासून शरीरात तयार होणारे घटक साठत जातात, त्यामुळे डोस, अंतर किंवा औषधच बदलावं लागतं.

फेंटानिलचा पॅच कधी लावता? फेंटानिल हे मॉर्फीनच्याच जातीचं वेदनाशामक, कातडीवर चिकटवायच्या पट्टीतून देतात. पॅचचा पूर्ण परिणाम व्हायला अर्धा ते एक दिवस लागतो. आत्ता तळमळणाऱ्या रुग्णाला नुसता पॅच लावून निघून जाणारी टीम नको. कॅन्सरच्या रोजच्या दुखण्यासाठी पेंटाझोसीनची (थोडा वेळच काम करणाऱ्या वेदनाशामकाची) इंजेक्शनं टोचत राहणारीही नको.

दम लागला तर? "ऑक्सिजन लावू" हे अर्धंच उत्तर. रक्तातला ऑक्सिजन कमी असेल तरच त्याचा खरा उपयोग. चेहऱ्यावर पंख्याचा वारा, उशा लावून बसतं करणं, मॉर्फीनचा लहान डोस, घाबरलेल्या घरच्यांना शांत करणं, यांपैकी काही ऐकू आलं पाहिजे.

जखमेला वास येत असेल तर? हा प्रश्न घरचे विचारतच नाहीत, अवघडतात. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकच्या गोळ्यांची पूड ड्रेसिंगमध्ये वापरण्याची पद्धत आपल्याकडच्या पॅलिएटिव्ह टीमना माहीत असते. उदबत्ती लावा, असं कुणी सुचवलं तर दुसरीकडे फोन करा.

खाणंपिणं बंद झाल्यावर सलाईन लावता का? शेवटच्या दिवसांत सलाईनचं पाणी पायांत आणि छातीत साचून त्रास वाढू शकतो. रोज बाटली लावायचा आग्रह धरणारी एजन्सी बिल वाढवत असते किंवा नातेवाइकांचं समाधान करत असते. अपवाद असतात, पण कारण सांगता आलं पाहिजे.

चूक इथे होते: "मॉर्फीन दिलं म्हणजे संपलंच" या भीतीने घरचे मॉर्फीन न देणारी जागा शोधतात. योग्य डोसमधलं मॉर्फीन मरण ओढवून आणत नाही. ही भीती टीमने तुमच्याशी बसून बोलली पाहिजे. बोलत नसेल तर तो त्यांच्या कामातला दोष समजा.

## टप्पा ५: आता भेट द्या

शक्यतो संध्याकाळी सहानंतर जा, शिफ्ट बदलून झाल्यावर. रिसेप्शनवर रेंगाळू नका. परवानगी घेऊन वॉर्डात एक फेरी मारा आणि रुग्णांकडे बघा. खोल्या नंतर बघता येतील.

- ओठ आणि तोंड: कोरडे पडून फुटलेत की ओलसर, स्वच्छ आहेत? मरणासन्न रुग्णाचं तोंड दर थोड्या वेळाने पुसावं लागतं. ते होतंय का हे लपत नाही.
- टाचा आणि माकडहाड: कूस बदलल्याची वेळ नोंदवणारा तक्ता कुठे आहे ते विचारा. एअर बेड चालू आहे का, की नुसता टाकून ठेवलाय, हेही बघा.
- बेल वाजल्यावर किती वेळात कुणी येतं? दहा मिनिटं नुसतं उभं राहा.
- रात्री किती रुग्णांमागे किती नर्स? आकडा सांगायला टाळाटाळ झाली की ड्युटी चार्ट बघायला मागा.
- मॉर्फीनचं कपाट कुलूपबंद आहे का, रजिस्टर रोज लिहिलं जातं का?

वास येणं हा प्रत्येक वेळी निष्काळजीपणा नसतो, कॅन्सरच्या जखमांना वास येतोच. पण लघवीचा शिळा वास म्हणजे डायपर वेळेवर बदललेले नाहीत.

मग घरगुती प्रश्न. मराठीत, किंवा रुग्णाच्या भाषेत, बोलणारं कोण आहे? पेज, मऊ भात, सूप वेळी-अवेळी मिळतं का? रात्री एक नातेवाईक थांबू शकतो का? नातवंडांना आत सोडतात का? शेवटी तुळशीपत्र आणि गंगाजल, दुआ किंवा प्रार्थना, ज्याचं जे असेल ते करता येतं का? आणि उलटही बघा: ज्याला यातलं काहीच नको त्याच्यावर कुणी पारायण किंवा प्रवचन लादत नाही ना?

घरपोच सेवेत वॉर्ड नसतो. तिथे पहिली गृहभेट हीच परीक्षा. नर्सने पांघरूण काढून पाठ बघितली का, तोंडात बॅटरी टाकली का, की बीपी घेऊन वहीत लिहून निघाली?

## टप्पा ६: खरं सांगण्याबद्दल त्यांची रीत काय

आपल्याकडे निम्म्या घरांतून टीमला दारातच बजावलं जातं: "बाबांसमोर कॅन्सर हा शब्द काढू नका." हेच वाक्य मुद्दाम बोलून बघा आणि उत्तर ऐका.

"बरं, नाही सांगणार" म्हणून मान डोलावणारी टीम सोपी वाट धरते. "रुग्णाचा हक्क आहे, आम्ही सांगणारच" म्हणून थेट खोलीत शिरणारी त्याहून वाईट. जाणती टीम आधी विचारेल की तुम्हाला कशाची भीती वाटते, आणि मग सांगेल: "आम्ही आपणहून काही लादणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. त्यांना किती कळलंय आणि किती कळायला हवंय, ते आधी त्यांच्याकडूनच समजून घेऊ." बहुतेक वेळा बाबांना सगळं माहीत असतं, आणि तेही घरच्यांसाठी गप्प बसलेले असतात.

समुपदेशक आहे का एवढंच विचारू नका. तो आठवड्यातून किती वेळा येतो, आणि रुग्ण गेल्यानंतर घरच्यांना एखादा तरी फोन करतो का, तेही विचारा.

## टप्पा ७: शेवटच्या रात्रीची व्यवस्था

रात्री श्वास घरघरू लागतो, कुणीतरी घाबरून १०८ ला फोन लावतं आणि घरीच राहायचं ठरलेला माणूस आयसीयूत नळ्यांमध्ये अडकतो. हे टाळण्याची तयारी टीमने आधीच करून द्यायची असते. विचारा:

1. शेवटची लक्षणं कशी ओळखायची, हे घरच्यांना लिहून देता का? घरघर, थंड पडणारे हातपाय, श्वासातली खंड पडलेली लय?
2. त्यावेळची औषधं घरात आधीच ठेवता का? तोंडाने घेता आलं नाही तर कातडीखालून द्यायला घरच्यांना शिकवता का?
3. मृत्यूनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र कोण देणार, आणि रात्री तीनला देणार का?

तिसऱ्या प्रश्नावर अनेक चांगल्या सेवा अडखळतात. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला नमुना ४अ मध्ये, संस्थेत झाला तर नमुना ४ मध्ये, शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा असतो. तो नसेल तर स्मशानात अडवणूक होते आणि अनोळखी डॉक्टर शोधत फिरावं लागतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण दाखला त्याच रात्री लागतो. पेसमेकर बसवलाय का, हे टीमने आपणहून विचारलं तर माणसं अनुभवी आहेत असं खुशाल समजा. दहनाआधी तो काढावा लागतो.

रुग्णाला कृत्रिम जीवरक्षक उपाय नको असतील तर आगाऊ वैद्यकीय निर्देश करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सुटसुटीत केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. तुमच्या टीमने हा कागद पाहिलाय का, त्याची प्रत फाइलला लावतात का, ते विचारा. "असलं काही आम्ही बघत नाही" हे उत्तर चालणार नाही.

## टप्पा ८: पैसे आणि कागद

खाटा असलेल्या खाजगी संस्थेकडे नर्सिंग होम नोंदणी मागा. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. डॉक्टरांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, आणि पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण कुठे घेतलं तेही विचारा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी.

खाजगी सेवेत डिपॉझिट, सर्जिकल सामानाचा वेगळा दर आणि महिना अर्धवट राहिला तर परतावा, हे लेखी घ्या. "सेवा मोफत, पण आधी देणगी" म्हणणाऱ्यांना पावती मागा आणि चेहरा बघा.

सावध: मेडिक्लेमवर विसंबू नका. बहुतेक पॉलिसींतल्या प्रमाणित अपवादांमध्ये घरची किंवा संस्थेतली नुसती देखभाल आणि मरणासन्न रुग्णांसाठीच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक, आध्यात्मिक सेवा वगळलेल्या असतात. एजन्सीचा माणूस "क्लेम होतो" म्हणाला तर विमा कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या.

## टप्पा ९: पहिला आठवडा ही चाचणी समजा

निवड झाली तरी वही बंद करू नका. रोज सकाळ-संध्याकाळ दुखण्याचा आकडा, झोपेचे तास, पोट साफ झालं का आणि तुम्ही केलेले फोन (किती वाजता केला, कधी उत्तर आलं) लिहीत जा.

दोन-तीन दिवसांत दुखण्याचा आकडा खाली यायला हवा, किंवा तो का येत नाही आणि पुढे काय बदलणार हे डॉक्टरांनी सांगायला हवं. आकडा आठवर अडकलाय आणि डोस तोच आहे, अशी स्थिती चौथ्या दिवशी असेल तर प्रमुख डॉक्टरांशी बोला. नव्याने झालेली पाठीवरची जखम, सलग दोन रात्री न उचललेला फोन, न सांगता बदललेला माणूस, यांपैकी काहीही दिसलं तर दुसऱ्या पर्यायाला फोन करायची वेळ झाली.

बदल करताना भांडून निघू नका. आधी नव्या ठिकाणी जागा किंवा भेटीची तारीख पक्की करा. मग जुन्या टीमकडून सारांश आणि आत्ताच्या डोसचा तक्ता सहीनिशी घ्या. उरलेल्या मॉर्फीनच्या गोळ्या मोजून दोघांच्याही नोंदीत आणा, कारण ते औषध शेजारच्या गुडघेदुखीला द्यायचं नसतं आणि कचऱ्यातही टाकायचं नसतं. नव्या टीमने पहिला डोस दिल्यावरच जुन्यांचा रात्रीचा नंबर फोनमधून काढा.